तीन रकान्यांची वही

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी आरक्षणाची सोडत झाली. सभागृहात बसायला जागा नव्हती, दाराशीच उभी राहिले. शाळेतल्या एका मुलीने बरणीत हात घालून चिठ्ठी काढली आणि आमच्या प्रभागातली 'ब' जागा सर्वसाधारण महिलेसाठी निघाली. 'अ' जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गाला. प्रभागातून दोन सदस्य आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून, म्हणजे एका मतदाराला तीन मतं.

घरी येता येता मनाशी पक्कं केलं. उभं राहायचं, तेही अपक्ष.

मागची निवडणूक २०१६ ची. त्या सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून प्रशासक आहेत. ओबीसी आरक्षणाच्या वादात सगळं अडकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने यंदा ६ मे रोजी निवडणुका घ्यायचा आदेश दिला, तेव्हा गाडी हलली. मधल्या काळात दिवा गेला, गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, तर जायचं कुणाकडे? प्रशासक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांना पाच वर्षांनी परत याच दारात यायचं नसतं, आणि तो फरक गल्लीत दिसतो.

त्याच दिवसांत, २०२२ च्या पावसाळ्यात, मी वही घातली. तीन रकाने पाडले: 'नगरपरिषदेचं', 'दुसऱ्या खात्याचं', 'आपलं आपण'. येईल ती तक्रार तारीख टाकून यातल्या एका रकान्यात लिहायची. आज तिसरी वही चालू आहे. निवडणुकीची तयारी म्हणून माझ्याकडे हीच.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रभागाची प्रारूप मतदार यादी घेऊन बसलो. मी, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा कॉलेजला जाणारा मुलगा. घर क्रमांकाप्रमाणे एकेक नाव वाचायचं आणि माणूस डोळ्यासमोर आणायचा. सकाळी दहाला सुरू केलं, संध्याकाळी सातला थांबलो, तरी निम्मीच झाली.

आधी माहीत नव्हतं ते आज कळलं. ही यादी नव्याने तयार होत नाही. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांत फोडतात. म्हणून इथे नवं नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण चुकीच्या प्रभागात पडलंय, किंवा फोडताना गळलंय, किंवा लिहिण्यात चूक झालीय, एवढ्याच हरकती चालतात. वहिनींचा मुलगा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याने सगळी यादी वाचून काढली आणि त्याचंच नाव त्यात येऊ शकत नाही. काही बोलला नाही, पान उलटत राहिला.

ओढ्याकाठची सगळी ओळ, चौदा घरं, पलीकडच्या प्रभागात गेली आहे. उद्या हरकत देणार. काही नावांपुढे दोन तारे आहेत, म्हणजे नाव दुबार असण्याची शक्यता. त्यातली दोन माणसं मला ठाऊक आहेत. नाव एकच, आडनाव एकच, बापाचं नाव मात्र वेगळं. त्यांना आत्ताच सांगून ठेवायला हवं, नाहीतर ऐन मतदानाच्या दिवशी गोंधळ.

१९ ऑक्टोबर, रविवार

हरकत मान्य झाल्याचं तोंडी कळलं. कागद हातात पडेपर्यंत वहीत बरोबरची खूण करणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण माझ्या मते ही सगळी निवडणूक या एका गटारात आहे.

मागच्या गल्लीतून गढूळ पाण्याची तक्रार वहीत सतरा वेळा आली आहे. नेहमी तेच: पहिली दहा मिनिटं पाणी पिवळट, वास येतो, मग साफ. कुणी म्हणतं टाकी धुतलेली नाही, कुणी म्हणतं औषध टाकत नाहीत. तसं असतं तर सगळ्या गावाला तसंच पाणी आलं असतं. आमच्या पुढच्या गल्लीत स्वच्छ येतं.

पहाटे पाचला पाणी सोडणाऱ्या वॉलमन दादांबरोबर गेले. त्यांनी वॉल उघडायच्या आधी आम्ही गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉर्च मारत गेलो. मुख्य लाइन रस्त्याच्या एका कडेला. पलीकडच्या घरांच्या जोडण्या फेरूलपासून, म्हणजे मुख्य लाइनवर जोडणी जिथे बसवतात तिथून, निघून रस्ता ओलांडतात आणि घरात शिरण्याआधी गटारातून जातात. गटाराच्या वरून नाही, आतून. एकतीस पाइप मोजले. त्यातले नऊ पाण्याखाली होते, म्हणजे सांडपाण्याखाली. एका जीआय, म्हणजे लोखंडी, पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून फुटलेला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. पट्टीच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. दादा म्हणाले, "ताई, आत्ता लाइन रिकामी आहे. आता हा पाइप बाहेरचं ओढतोय."

सगळं तिथेच आहे. चोवीस तास पाणी असतं तर पाइपात सतत दाब राहिला असता आणि गळती आतून बाहेर झाली असती. पाणी वाया गेलं असतं, पण घाण आत शिरली नसती. आपल्याकडे तासभर पाणी येतं आणि बंद होतं. बंद होताना लाइन उतारावर रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि फुटका पाइप गटारातलं पाणी शोषून घेतो. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच पाणी आधी घरात येतं. टाकीत कितीही क्लोरीन टाका, ते या पाण्यापर्यंत पोचतच नाही.

तीन घरांतून नमुने घेतले. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी मुक्त क्लोरीन उरलेलं असायला हवं. पहिल्या घरात फिकट पिवळा आला, दुसऱ्या घरात नुसता भास, आणि ट्यूबच्या पट्टीवाल्या घरात काहीच नाही. त्या घरचं पाणी एचटूएसच्या बाटलीतही भरून ठेवलं आहे; मैला मिसळला असेल तर त्यात पाणी काळं होतं.

आता रकाना कुठला? दीड वर्ष हाच घोळ चालू आहे. कार्यालयात गेलं की सांगतात, फेरूलच्या पुढचा पाइप ग्राहकाचा, त्याने बदलावा. लोक म्हणतात, गटार नगरपरिषदेचं, त्यांनी बघावं. म्हणून मी जूनमध्ये माहिती अधिकारात त्या गटाराच्या बांधकामाचं एस्टिमेट आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तकाच्या प्रती मागितल्या होत्या. तीस दिवसांच्या आत मिळाल्या, हेही लिहून ठेवते. एस्टिमेटमध्ये खोदाई आहे, काँक्रीट आहे, ढापे आहेत. नळजोडण्या उचलून घेण्याची बाब मात्र कुठेच नाही. पाइप आधीपासून होते. गटार नंतर आलं आणि त्यांच्याभोवती बांधलं गेलं. मग त्या माणसाने स्वतःच्या खर्चाने पाइप का हलवायचा?

वहीत 'नगरपरिषदेचं' या रकान्यात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बाटलीतलं पाणी काळं झालं. कडेने राखाडी नाही, पूर्ण काळं. म्हणजे मैला मिसळतो आहे. त्या घरात दीड वर्षाचं बाळ आहे. मी बाटली पदराखाली धरून त्या घरी गेले आणि आजींना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आम्ही पितो?" पाणी उकळून प्या, पहिली दहा मिनिटं भरू नका, एवढंच सांगता आलं. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज आणि फोटो दिले, पोच घेतली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

राज्य निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती. अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, मतदान २ डिसेंबरला, मोजणी ३ ला. आचारसंहिता आजपासून. आमची नगरपरिषद 'क' वर्ग, म्हणून सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख. माझा खर्च त्याच्या जवळपासही जाणार नाही, पण हिशेब पै न् पैचा ठेवायचा. वेगळं बँक खातं उद्या उघडायचं.

आचारसंहिता लागली म्हणून पाइपांचं काम आता पुढे गेलं, असं दुपारी कुणीतरी सांगितलं. पटलं नाही. नवीन कामाची घोषणा करता येत नाही, पण फुटका एल्बो बदलणं ही दुरुस्ती आहे, घोषणा नाही. परत गेले. त्या एका घरापुरतं माणूस पाठवतो म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

कागदपत्रांचा आठवडा. वय एकवीस पूर्ण, मतदार यादीत नाव, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असून वापरत असल्याचा दाखला, दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं घोषणापत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणारं शपथपत्र. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात.

पाच सूचक मी विचारपूर्वक निवडले. एकीला विचारलं तेव्हा तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही केली. पूर्ण नाव लिहायला वेळ घेतला, प्रत्येक अक्षर वेगळं. मी घाई केली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज भरला. ऑनलाइन भरून, प्रत काढून, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे दिला. बाहेर आल्यावर एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "साहेब कुठायत?" मी म्हटलं, कामावर. ते म्हणाले, "नाही, म्हणजे बघणार कोण सगळं?"

महिलांना स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आहेत. पण बॅनरवर बाईच्या शेजारी नवऱ्याचा फोटो तेवढाच मोठा, सभेत तो बोलतो, सही ती करते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी वही दिली नाही, एमबी कशी वाचायची ते दाखवलं नाही. रात्री घरी हे सांगितलं तर हे म्हणाले, "माझा फोटो कुठेच टाकू नकोस. मी पत्रकं वाटेन." तेवढ्याने बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छाननीत अर्ज वैध. 'ब' जागेवर पाच जणी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रात्री साडेनऊला दोघे जण घरी आले. आदराने बोलले. अर्ज मागे घ्या, पुढे स्वीकृत सदस्य म्हणून विचार करू, मागच्या गल्लीचं कामही करून देऊ. मी विचारलं, पाइप उचलून घ्यायचं का? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठलं काम ते त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा माझं उत्तर ठरलं. सासूबाई दारापर्यंत सोडायला गेल्या आणि म्हणाल्या, "ती नाही मागे घ्यायची."

२२ नोव्हेंबर, शनिवार

पत्रकाचा मजकूर लिहिला. एकच कागद, पाठपोट.

समोरच्या बाजूला तीन कामं. एकतीस नळजोडण्या गटाराच्या वर घेणे. घंटागाडीची वेळ गल्लीवार ठरवून फलकावर लावणे. प्रभागात होणाऱ्या प्रत्येक कामाचं एस्टिमेट आणि एमबी सभेत वाचून दाखवणे. तिसरं काम लोकांना किरकोळ वाटेल. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. गटाराचं एस्टिमेट त्या गल्लीत कुणी आधी वाचलं असतं तर एक तरी बाई म्हणाली असती, अहो, आमचा नळ मध्ये येतोय.

मागच्या बाजूला नगरसेवक काय करू शकत नाही ते लिहिलं. कार्यकर्त्यांना हे आवडलं नाही. पण रेशनकार्ड तहसील कार्यालयाचं, वीज कंपनीची, गुन्हा पोलिसांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात शहराच्या संस्थांसाठी अठरा विषय दिले आहेत. पाणी, स्वच्छता, रस्ते, दिवे, उद्यानं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, अगदी कोंडवाड्यापर्यंत. त्यातलंही एकटा सदस्य काही करू शकत नाही. विषय सभेत यावा लागतो, ठराव व्हावा लागतो, अंदाजपत्रकात तरतूद लागते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. सदस्याच्या हातात काय? विषय आणणं, प्रश्न विचारणं, मत देणं आणि काम चालू असताना तिथे जाऊन उभं राहणं. मी लिहिलं: एवढंच माझ्या हातात असेल, आणि एवढं मी करीन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चिन्ह मिळालं, शिलाई मशीन. आज चिन्ह, १ डिसेंबरला रात्री दहाला प्रचार बंद. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं, अपक्षाला ते जेमतेम सहा दिवसांत घराघरात पोचवायचं असतं. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाय सुजलेत. चारशेच्या वर घरं झाली.

बोलायला गेलं की आधी चिन्ह सांगायला हवं असं सगळे म्हणतात. मी आधी वही उघडते. त्या घराची तक्रार असेल तर पान काढून वाचते: तुम्ही १४ जुलैला दिव्याचं सांगितलं होतं, २ ऑगस्टला लागला. किंवा: तुमचं अजून झालेलं नाही. झालं नाही हे सांगताना सुरुवातीला जड जायचं. पण तिथेच लोक दार पूर्ण उघडतात.

मशिनवर तीन मतं कशी द्यायची हे समजावण्यात सर्वात जास्त वेळ जातो. विधानसभेला एक बटण दाबून बाहेर यायची सवय. इथे नगराध्यक्षाचं एक, 'अ' जागेचं एक, 'ब' जागेचं एक. जागेगणिक मतपत्रिकेचा रंग वेगळा. वहिनींच्या मुलाने पुठ्ठ्याचं मशिन करून दिलं आहे. त्याला मत नाही, तरी रोज माझ्याबरोबर असतो.

मागच्या गल्लीत एल्बो बदललेला पाहिला, नवीन. सांडपाण्याखालचे बाकीचे आठ पाइप तसेच.

१ डिसेंबर, सोमवार

रात्री दहाला प्रचार संपला. पावणेअकराला एका आजींचा फोन. "पोरी, शेजारच्या गल्लीत पाकिटं आली म्हणतात. आपल्याकडे येणार का?" मी म्हटलं, आजी, माझ्याकडून नाही येणार. त्या म्हणाल्या, "तुझं नाही विचारलं, त्यांचं विचारलं." आणि मग हळूच, "घेतलं तर पाप लागेल का?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्या बाईला महिन्याच्या शेवटी औषधांची ओढाताण असते, हे मला वहीतून नाही, शेजारातून माहीत आहे. मी म्हटलं, घ्यायचं नाही, आणि कुणी दिलंच तर मत त्याला बांधलेलं नाही. आत कुणी बघत नसतं. भरारी पथकाला कळवलं. ते आले तोवर गल्ली शांत होती.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच मतदान. दोन ताऱ्यांवाले दोघेही मत देऊन आले, ओळखपत्रं आणि कागद बरोबर नेले होते. ओढ्याकाठची चौदा घरं आमच्याच केंद्रावर. ट्यूबच्या पट्टीवाल्या घरच्या आजी बाळाला कडेवर घेऊन रांगेत होत्या.

दुपारी बातमी आली. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं आहे, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकत्र २१ डिसेंबरला घ्यायला सांगितलं. एकोणीस दिवस मशिनं बंद खोलीत. तत्त्व म्हणून बरोबरच आहे, एका गावाचा निकाल दुसऱ्याच्या मतावर पडू नये. पण रात्री झोप आली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

खर्चाचा हिशेब पूर्ण केला. निकालानंतर तीस दिवसांत सादर करावा लागतो, नाहीतर अपात्रता. आत्ताच तयार ठेवला.

वहीत मतदानानंतर सहा नव्या तक्रारी. एकीने विचारलं, निकाल लागायचा आहे तर आत्ता सांगू का नंतर? आत्ताच सांगा म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार

त्रेसष्ट मतांनी हरले. दुसरा क्रमांक.

केंद्रनिहाय आकडे उतरवून घेतले. मागच्या गल्लीच्या केंद्रावर मी पुढे, ओढ्याकाठी बरीच पुढे. मुख्य रस्त्यालगतच्या केंद्रावर मागे पडले. तिथल्या घरांची पानं वहीत फार थोडी आहेत. तिथे कुणाची तक्रार नसते असं मी धरून चालले होते. तिथे मी फक्त मत मागायला गेले, ही माझी चूक. मोजणी केंद्राबाहेर गुलालात उभ्या असलेल्या ताईंना भेटून अभिनंदन केलं. हे पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन घरी आले आणि काही न बोलता कपाटावर ठेवला. तेव्हा रडू आलं.

२४ डिसेंबर, बुधवार

तिन्ही वह्यांच्या झेरॉक्स, एस्टिमेट, एमबी आणि काळ्या बाटलीचा फोटो, असं सगळं फायलीत लावून निवडून आलेल्या ताईंच्या घरी गेले. बैठकीत बरीच मंडळी होती. त्यांच्या दिरांनी फाईल घ्यायला हात पुढे केला. मी ती ताईंच्या हातात दिली.

त्यांनी उभ्या उभ्याच चाळली. एका पानावर थांबल्या. बोट ठेवून विचारलं, "हे एकतीस तुम्ही स्वतः मोजलेत?" हो म्हटलं, पहाटे पाचला, लाइन रिकामी असताना दिसतं. त्यांनी पान दुमडलं आणि दिरांकडे न बघता विचारलं, "उद्या जाऊया?"

२५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे पाच. वॉलमन दादा, ताई आणि मी. आठ पाइप अजून पाण्याखाली. ताईंनी चप्पल काढून ठेवली, ढाप्यावर गुडघे टेकले आणि टॉर्च स्वतःच्या हातात घेतली.